तणनाशक आणि मासा : बाटलीत नेमकं काय आहे?

परळ-लालबागमध्ये ज्यांचं गाव ठाणे-रायगडकडे आहे, त्यांना ‘वळगणीचे मासे’ वेगळे सांगायला नकोत. पहिला जोराचा पाऊस झाला की नदी-ओढ्यातले मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात आणि भातखाचरांत शिरतात. याच हंगामात बांधावरचं गवत मारायला ग्लायफोसेटही फवारलं जातं. पाऊस ते धुऊन खाचरात आणतो. मग माशांचं काय होतं?

आधी एक संज्ञा. एलसी-५० म्हणजे ठरावीक वेळेत, बहुधा ९६ तासांत, निम्मे मासे मारणारं पाण्यातलं प्रमाण. आकडा जितका लहान, तितकं विष जहाल.

आता १९७९ सालचा फोल्मार, सँडर्स आणि ज्युलिन यांचा शोधनिबंध बघा. रेनबो ट्राउटसाठी नुसत्या ग्लायफोसेटचा आकडा होता लिटरला १४० मिलिग्रॅम. ‘राउंडअप’ या तयार औषधाचा ८.३. आणि त्यात मिसळलेल्या सरफॅक्टंटचा फक्त २! म्हणजे ज्याला आपण ‘मिसळण’ म्हणून सोडून देतो, तेच जास्त घातक निघालं.

असं का? औषध पानाच्या मेणचट थरातून आत शिरावं म्हणून सरफॅक्टंट घालतात. माशाचे कल्ले तर त्याहून नाजूक. त्यांची पातळ त्वचा सुजते, सुटते, कल्ल्यांच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात. पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो, वर येऊन तोंड उघडतो.

म्हणून प्रयोग आखताना चार टाक्या डोळ्यांसमोर ठेवा : साधं पाणी, नुसतं रसायन, नुसतं सरफॅक्टंट, तयार औषध. प्रत्येकीच्या दोन-तीन प्रती हव्यातच. आणि लिटरला किती मिलिग्रॅम हे लिहिताना ते औषधाचे की मूळ रसायनाचे, हेही लिहा. ट्राउट थंड पाण्यातला मासा आहे. त्याचे आकडे रोहूला जसेच्या तसे लावू नका.

माझी पहिली चाचणी साध्या पाण्याच्या टाकीतच बुडाली. नळाचं पाणी क्लोरिन न घालवता भरलं होतं. सकाळी मासे तरंगत होते. ओईसीडीच्या २०३ क्रमांकाच्या पद्धतीनुसार या टाकीत १० टक्क्यांहून जास्त मासे मेले तर चाचणी बाद. माझी झाली.

शेवटचं : मासा जगला म्हणजे सुखरूप आहे असं नाही. एलसी-५० च्या बऱ्याच खाली कल्ल्यांचे छेद आणि कॅटालेजसारखी एन्झाइम्स तपासा. वळगणीच्या माशाला नुसतं जगायचं नसतं, चढून अंडीही घालायची असतात.