परसातील खुराडे : हवा आणि राखण

परसात आठ-दहा कोंबड्या पाळणे हा महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबांचा जुना जोडधंदा होय. अंड्यांचा पैसा बहुधा घरातील बाईच्या हाती राहतो व त्यातून मीठ-मिरची, मुलांच्या वह्या असा खर्च भागतो. परंतु मुंगूस किंवा रानमांजर रात्री खुराड्यात शिरले, तर ते पुष्कळदा एका कोंबडीवर थांबत नाही. या भीतीने कोंबड्या डालग्याखाली झाकल्या जातात किंवा चहूबाजूंनी लिंपलेल्या खुराड्यात कोंडल्या जातात. त्यामुळे शत्रू बाहेर राहतो, पण हवाही बाहेरच राहते. वास्तविक योग्य रीतीने बांधलेल्या खुराड्यात दोन्ही गोष्टी साधतात.

हवेची आवश्यकता

कोंबडीला घाम येत नाही. उन्हाळ्यात ती चोच उघडून धापा टाकते व श्वासावाटे वाफ सोडून अंग थंड ठेवते. कोंदट जागेत ही वाफ साठते व खालचे तूस ओलावते. ओल्या विष्ठेतून अमोनिया वायू निघून डोळे व श्वासनलिका यांना इजा होते. रक्ती हगवणीचा प्रसारही ओलीतच होतो.

माप व बांधणी

दहा कोंबड्यांना रात्रीच्या निवाऱ्यासाठी ५ फूट लांब व ४ फूट रुंद जागा पुरते. खुराडे उंचवट्यावर, जमिनीपासून २ फूट उंच खांबांवर उभारावे. त्यामुळे ओल चढत नाही व खालची जागा झाडता येते. लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. पूर्व व पश्चिम बाजूंस फळ्यांची किंवा कुडाची बंद भिंत घालावी, म्हणजे उतरते ऊन आत येत नाही. उत्तर व दक्षिण बाजूंस खालचा १ फूट भाग बंद ठेवून वर जाळी लावावी.

छप्पर पुढे ४ फूट व मागे ३ फूट उंच असावे आणि भिंतीबाहेर दीड ते दोन फूट यावे. पन्हळी पत्रा असल्यास उन्हाळ्यात त्यावर गवत किंवा पेंढा पसरावा. थंडीत व पावसाच्या झडीत जाळीवर गोणपाट सोडावे. मात्र छपराखालची सहा इंच पट्टी कधीही झाकू नये. उबदार, दमट हवा वर चढून तेथूनच बाहेर पडते.

बसण्यासाठी २ इंच जाडीच्या, कडा गोल केलेल्या दोन दांड्या एकाच उंचीवर बसवाव्यात. एक दांडी उंच असल्यास तीवरील जागेसाठी कोंबड्या भांडतात. तळाशी २ ते ३ इंच भाताचे तूस पसरावे.

शत्रूपासून बचाव

षटकोनी विणीची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, परंतु कुत्रा ती फाडतो आणि तिच्या मोठ्या छिद्रांतून उंदीर व साप शिरतात. म्हणून अर्धा इंच छिद्राची मजबूत जाळी घ्यावी आणि तिच्या कडा लाकडी पट्टीखाली दाबून खिळे ठोकावेत. खांबांभोवती गुळगुळीत पत्रा गुंडाळल्यास उंदीर-घुशींना चढता येत नाही. दाराला कडी व तीत अडकवण्यास खिळा असावा. सांडलेले खाद्य रात्री तसेच ठेवू नये. त्यासाठी उंदीर येतात व उंदरांमागे साप येतो.

दोन सोप्या परीक्षा

अंधार पडल्यावर रिकाम्या खुराड्यात कंदील किंवा बॅटरी ठेवून बाहेरून पाहावे. जाळीव्यतिरिक्त ज्या फटीत करंगळी जाते, ती बुजवावी. दुसरी परीक्षा पहाटेची. दार उघडताच आत तोंड घालून श्वास घ्यावा. नाक झोंबल्यास हवा अपुरी आहे किंवा तूस ओले झाले आहे असे समजावे. असे तूस काढून खतात घालावे व कोरडे पसरावे.

चांगले खुराडे मानमोडीची लस टोचण्याला पर्याय नव्हे. ती पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने वेळेवर टोचून घ्यावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावात एका घरी असे खुराडे उभारून दाखवावे. बांबू, कूड व पेंढा गावातच मिळतो. विकत घ्यावी लागते ती मुख्यतः जाळी, आणि तीत काटकसर करू नये.