भिंतीलाही असतो ‘बफर’! विटांच्या घराला आतून कोणतं प्लास्टर करावं?

नेट अडखळलं तरी व्हिडिओ थोडा वेळ चालतो, कारण पुढचा भाग बफरमध्ये आधीच भरलेला असतो. घरातलं प्लास्टर ओलाव्याच्या बाबतीत असंच काम करतं. स्वयंपाक, अंघोळ, आत वाळत घातलेले कपडे यांची वाफ शोषून घेतं आणि हवा कोरडी झाली की परत सोडतं. मात्र प्रत्येक प्लास्टरची क्षमता वेगळी.

यात मातीचं प्लास्टर सगळ्यांत पुढे. जर्मनीत त्यासाठी डीआयएन 18947 हे मानक आहे. चाचणीत हवेची आर्द्रता 50 वरून 80 टक्क्यांवर नेतात आणि 12 तासांत किती पाणी शोषलं ते मोजतात. सगळ्यांत वरच्या वर्गासाठी चौरस मीटरमागे किमान 60 ग्रॅम लागतात. म्हणजे 30 चौरस मीटर भिंती असलेल्या खोलीत जवळपास 1.8 लिटर पाणी!

आता कोकणातला जुलै आठवा. आर्द्रता दिवसचे दिवस 80 च्या वर. बफर भरतो आणि रिकामा व्हायला कोरडी हवाच मिळत नाही. अशा ठिकाणी ‘किती शोषतं’ यापेक्षा ‘ओलं राहून टिकतं का’ हे आधी बघायला हवं. माती सतत भिजली तर मऊ पडते. जिप्सम गुळगुळीत होतं, काम पटकन उरकतं, पण ते पाण्यात थोडं विरघळतं. त्यामुळे बाथरूमच्या पाठची किंवा तळमजल्याची ओल धरणारी भिंत त्याला देऊ नका. सिमेंट मजबूत खरं, पण वाफेला जास्त अडवतं. माती-चुन्यात बांधलेल्या जुन्या वीटभिंतीवर ते थापलं की आतलं पाणी अडकतं, वर चढतं आणि प्लास्टर संपतं तिथे पोपडे काढतं.

माझं मत चुन्याला. तो वाफ जाऊ देतो आणि ताजा असताना इतका अल्कधर्मी असतो की बुरशीला थारा मिळणं कठीण. किल्ल्यांवर दगडी चाकाची चुन्याची घाणी बघितली असेल ना? तेच हे मटेरियल. फक्त घाई चालत नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, म्हणून थर पातळ हवेत आणि दोन थरांत वेळ हवा. खरी अडचण म्हणजे चुन्याचं काम येणारा गवंडी शोधणं.

पण त्याआधी पाणी येतंय कुठून ते तपासा. गळका पाइप कुठलंच प्लास्टर बरा करत नाही. प्लास्टिकचा एक चौकोनी तुकडा भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय; बाहेरच्या बाजूला आले तर खोलीतल्या हवेतून. फोनच्या वेदर अ‍ॅपमधली आर्द्रता बाहेरची असते, घरातली नाही. (2013 च्या गॅलेक्सी एस4 मध्ये आर्द्रतेचा सेन्सर होता, आता बहुतेक फोनमध्ये नसतो.) साधा डिजिटल हायग्रोमीटर घ्या.

आणि रंग! चुन्यावर प्लास्टिक पेंटचे दोन हात मारले की वाफेची वाट बरीचशी बंद. तिथे चुन्याची सफेदी किंवा सिलिकेट पेंटच द्या, आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा.