गोवराचें पुरळ

गोवराचें नांव ठाऊक नाहीं असें घर आपल्याकडे क्वचितच सांपडेल. मुलाच्या अंगावर लालसर पुरळ दिसूं लागलें कीं घरांतील वडील माणसें म्हणतात, "अंगांतली उष्णता बाहेर पडते आहे; गोवर पुरता निघूं द्या, आंत जिरूं देऊं नका." त्यामुळें गोवर हा कातडीचाच विकार असावा असा पुष्कळांचा समज होतो. वास्तविक हा रोग श्वासावाटे शरीरांत शिरतो व कातडीपर्यंत बऱ्याच उशिरां पोंचतो. मग श्वासांतून आलेला रोग कातडीवर कां उमटतो? आणि वडील माणसांच्या त्या बोलण्यांत तथ्य किती? या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

गोवराचें कारण एक विषाणु होय. विषाणूला स्वतःच्या बळावर आपली प्रजा वाढवितां येत नाहीं. दुसऱ्याच्या पेशींत शिरून तो तें काम तिच्याकडून करवून घेतो. परंतु वाटेल त्या पेशींत त्याला प्रवेश मिळत नाहीं. प्रत्येक पेशीच्या बाह्य आवरणावर निरनिराळ्या आकारांचीं प्रथिनें असतात. तीं अर्थातच विषाणूच्या सोयीसाठीं नसतात; पेशीचे नित्याचे व्यवहार त्यांच्याद्वारें चालतात. परंतु विषाणूच्या अंगावरील प्रथिन त्यांपैकीं एखाद्याशीं नेमकें जुळलें, म्हणजे कुलपांत किल्ली फिरावी त्याप्रमाणें त्याला आंत जाण्याचा मार्ग मोकळा होतो. अशा प्रथिनास 'ग्राही' म्हणतात. कोणता विषाणु शरीराच्या कोणत्या भागास पीडा देईल, हें पुष्कळ अंशीं या ग्राहींवरून ठरतें.

गोवराच्या विषाणूस मुख्यतः दोन ग्राही उपयोगीं पडतात. पहिल्याचें नांव 'सीडी १५०'. त्याचा शोध जपानांतील क्यूशू विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं २००० सालीं लावला. तो शरीराचें रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींवर असतो. दुसरा 'नेक्टिन-४', त्याचा शोध २०११ सालीं लागला. शेजारशेजारच्या पेशी एकमेकींस घट्ट धरून ठेवणें हें त्याचें मूळचें काम, व तो श्वासमार्गाच्या अस्तरांत आणि कातडीच्या पेशींवर आढळतो.

आतां विषाणूचा प्रवास पाहूं. रोग्याच्या खोकल्यांतून उडालेले विषाणु खोलीच्या हवेंत दोन तासांपर्यंत टिकून राहतात. श्वासाबरोबर ते आंत गेले कीं तेथें पहाऱ्यावर असलेल्या रक्षक पेशी त्यांना पकडावयास येतात. पण त्यांच्याच अंगावर पहिलें कुलूप असतें! पहारेकऱ्यानेंच चोराला खांद्यावर घेऊन कोठारांत सोडावें, तसा प्रकार होतो. या पेशींबरोबर विषाणु लसीकाग्रंथींत पोंचतो, तेथें अमाप वाढतो, आणि रक्तावाटे सर्व शरीरांत पसरतो. सुमारें दहाव्या दिवशीं ताप, पडसें, खोकला व डोळ्यांची लाली हीं लक्षणें दिसूं लागतात. गालांच्या आंतल्या बाजूस बारीक पांढरे ठिपके येतात. पुरळ उठतें तें त्यानंतर, सुमारें चौदाव्या दिवशीं. प्रथम कानांमागें व चेहऱ्यावर, मग खालीं पायांपर्यंत.

हा चौदा दिवसांचा हिशेब जुना आहे. इ. स. १८४६ सालीं उत्तर अटलांटिक महासागरांतील फेरो बेटांवर गोवराची सांथ उठली आणि ७,७८२ वस्तीपैकीं सहा हजारांहून अधिक माणसें आजारी पडलीं. पानुम नांवाच्या तरुण डॅनिश वैद्यानें गांवोगांव फिरून हा हिशेब बसविला.

कातडींत काय घडतें? विषाणूनें ग्रासलेल्या पांढऱ्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून कातडींत येतात. तेथें दुसरें कुलूप सांपडतें आणि विषाणु कातडीच्या पेशींत शिरून एकीकडून दुसरीकडे पसरतो. तथापि लाली त्यामुळें येत नाहीं. शरीराच्या निरोगी रक्षक पेशी तेथें धांवून येऊन ग्रासलेल्या पेशींचा नाश करूं लागतात, तेव्हां रक्तवाहिन्या फुगून कातडी लाल होते. म्हणजे पुरळ ही बाहेर पडणारी उष्णता नसून रणभूमीची खूण आहे. ज्या मुलांची रक्षणशक्ति जन्मतः किंवा दुसऱ्या रोगामुळें दुबळी असते, त्यांच्या अंगावर कधीं कधीं पुरळ मुळींच उठत नाहीं, आणि विषाणु फुप्फुसांचा घात करीत राहतो. तेव्हां पुरळ न उठण्याची वडील माणसांना जी भीति वाटते ती अगदींच निराधार नाहीं. मात्र घोंगडीनें किंवा ऊन काढ्यानें पुरळ 'काढतां' येत नाहीं, आणि अंग पुसल्यानें तें 'आंत जिरत'ही नाहीं.

पुरळ मावळलें म्हणजे संकट टळलें असेंही समजूं नये. पूर्वींच्या रोगांची आठवण जतन करणाऱ्या पेशींवरही तें पहिलें कुलूप असतेंच. त्यांचाही संहार होतो. नेदर्लंड्समधील लस न टोंचलेल्या ७७ मुलांचें रक्त गोवरापूर्वीं व नंतर तपासलें असतां, निरनिराळ्या रोगांविरुद्ध त्यांनीं मिळविलेल्या प्रतिपिंडांपैकीं ११ ते ७३ टक्के नाहींशीं झाल्याचें आढळलें. हें संशोधन २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. विशेष हें कीं, गोवराची स्वतःची आठवण मात्र पक्की राहते. इ. स. १७८१ च्या सांथींत ज्यांना गोवर येऊन गेला होता, त्या फेरो बेटांवरील वृद्धांस पासष्ट वर्षांनंतरही तो पुन्हां आला नाहीं. इतर शत्रूंची ओळख पुसून आपली तेवढी मागें ठेवणारा असा हा विचित्र पाहुणा आहे!

ही आठवण रोगावांचून मिळवून देते ती लस. १९५४ सालीं बोस्टननजीकच्या एका शाळेंत गोवर पसरला असतां एंडर्स व पीबल्स यांनीं डेव्हिड एडमन्स्टन या विद्यार्थ्याच्या शरीरांतून विषाणु वेगळा केला. त्याच्याच सौम्य केलेल्या वंशांतून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवराची लस तयार होते. आपल्या देशांत तिची पहिली मात्रा बाळास नऊ महिने पूर्ण झाल्यावर व दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात. लस असूनही २०२२ सालीं मुंबईंत सांथ उठली आणि बालकें दगावलीं, ही गोष्ट विसरतां कामा नये.

गोवर आलेल्या मुलास पुरळ उठल्यापासून चार दिवस इतरांपासून दूर ठेवावें, भरपूर पेय द्यावें, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानें 'अ' जीवनसत्त्वाच्या मात्रा द्याव्यात. विद्यार्थिमित्रहो, तुमच्या धाकट्या भावंडांच्या लसीची नोंद घरीं असेल. ती आजच काढून आईवडिलांसह पाहा. दुसरी मात्रा राहिली असेल, तर ती देववून घ्या.