संगणक-दुर्बिणीची आकाशाशी जुळणी

भिलाईच्या सिविक सेंटरमधील एखाद्या मोकळ्या गच्चीवर दुर्बीण मांडावयाची आहे, असे समजू. खाली बाजारपेठेचे आणि रस्त्यांचे दिवे आहेत. ज्याची पहिली झोतभट्टी 1959 साली सुरू झाली, त्या पोलाद कारखान्याचा उजेडही आकाशात चढलेला असतो. अशा ठिकाणी नुसत्या डोळ्यांना मोजकेच ठळक तारे दिसतात. जवळच्या लहान ताऱ्यांच्या खुणा धरून एखाद्या अंधुक तारकागुच्छापर्यंत पोहोचण्याची जुनी रीत येथे चालत नाही, कारण त्या खुणाच उजेडात बुडालेल्या असतात. म्हणूनच संगणकावर चालणारी दुर्बीण शहरात विशेष उपयोगाची आहे. तिच्या हातयंत्रावर वस्तूचे नाव निवडावे, की मोटारी तिला त्या दिशेस फिरवितात. तरीही पहिल्या रात्री पुष्कळांची निराशा होते. यंत्र डौलाने फिरते, थांबते, आणि पाहावे तो नेत्रिकेत नुसता काळोख! रांगेत ताटकळलेली शाळकरी मुले हिरमुसून घरी जातात. दोष बहुधा यंत्राचा नसतो, जुळणीचा असतो.

मूळ कल्पना जुनीच आहे. आपल्या सिद्धान्तग्रंथांत नलिकायंत्र वर्णिले आहे. ग्रहाचे स्थान आधी गणिताने काढावयाचे, पोकळ नळी त्या रोखाने बांधावयाची, आणि ग्रह नळीतून दिसतो की नाही हे पाहावयाचे. आजच्या दुर्बिणीत गणित संगणक करतो व नळी मोटार फिरविते, इतकाच फरक.

हजारो ताऱ्यांचे विषुवांश आणि क्रांती संगणकाच्या स्मरणात असतात. परंतु दुर्बीण फिरते ती दिगंश आणि उन्नतांश यांच्या मापाने, म्हणजे क्षितिजाला समांतर आणि क्षितिजापासून वर. पहिल्या जोडीतून दुसरी काढावयाची तर स्थळाचे अक्षांश व रेखांश, तारीख आणि वेळ ही माहिती लागते. भिलाई सुमारे 21.2 उत्तर अक्षांशावर आणि 81.3 पूर्व रेखांशाजवळ आहे. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची असल्यामुळे तेथील स्थानिक वेळ घड्याळापेक्षा साडेचार ते पाच मिनिटांनी मागे असते. हा हिशेब संगणक स्वतः करतो; आपण त्यास प्रमाणवेळच सांगावी. आकाश चार मिनिटांत एक अंश सरकते, आणि चंद्रबिंब जेमतेम अर्ध्या अंशाचे आहे. म्हणजे घड्याळ चार मिनिटे चुकले, तर दुर्बीण दोन चंद्रबिंबांइतकी बाजूला रोखली जाईल. भिलाईचे नाव यादीत नाही म्हणून नागपूर निवडले, तर फरक दोन अंशांहून अधिक पडतो. रायपूर निवडले, तर तो नगण्य असतो.

याहून फसवी चूक तारखेची होय. पुष्कळ हातयंत्रांत महिना आधी आणि दिवस नंतर लिहावयाचा असतो. आपण 5 ऑगस्ट सांगितले आणि यंत्राने 8 मे समजले, तर सगळे आकाश सुमारे 88 अंशांनी फिरलेले त्यास वाटेल! उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची काही देशांतील पद्धत आपल्याकडे नाही. त्या प्रश्नाला ‘नाही’ असेच उत्तर द्यावे.

पूर्वतयारी दिवसाउजेडी करावी. गवंड्याजवळ असते तशी पाणसळ ठेवून तिपाई सपाट करावी. मग दूरवरच्या पाण्याच्या टाकीचे किंवा धुराड्याचे टोक मुख्य दुर्बिणीच्या मध्यावर आणून, शोधक-दुर्बिणीचे स्क्रू फिरवून तेच टोक तिच्याही मध्यावर आणावे. दुर्बीण सूर्याकडे चुकूनही वळू देऊ नये. डोळा कायमचा जाईल. उत्तर दिशेसाठी होकायंत्रावर फार विसंबू नये. गच्चीच्या स्लॅबमध्येही लोखंडी सळया असतात, आणि हे तर पोलादाचेच गाव. ध्रुवतारा येथे क्षितिजापासून सुमारे 21 अंश वर सापडतो. तो अधिक विश्वासू.

यानंतर खरी जुळणी. तीस दोन तारे का लागतात? भिंतीवरची तसबीर एका खिळ्यावर टांगली तर झुलते, दोन खिळ्यांवर स्थिर राहते. एक तारा दाखविल्याने संगणकास एक दिशा कळते, पण त्या दिशेभोवती आकाश कसेही फिरलेले असू शकते. दुसरा तारा ते फिरणे बंद करतो. मात्र हे तारे आकाशात समोरासमोर असू नयेत. गोळ्यातून आरपार सळई घातली, तर दोन ठिकाणी धरलेला असूनही गोळा फिरतच राहतो. फार जवळचे तारेही कामाचे नाहीत. क्षितिजालगतचा तारा वातावरणातील वक्रीभवनामुळे वर उचललेला दिसतो. अगदी क्षितिजावर हा फरक अर्ध्या अंशाहून थोडा अधिक असतो.

एप्रिलच्या मध्यास रात्री आठच्या सुमारास भिलाईहून व्याध नैर्ऋत्येस आणि ब्रह्महृदय वायव्येस असतो. दोन्हींची उंची 33-34 अंश, आणि त्यांच्या दिगंशांत सुमारे 80 अंशांचे अंतर. याहून सोयीची जोडी शोधून मिळणार नाही. हातयंत्र त्यांना सिरियस व कपेला म्हणते. नक्षत्रांची आपली नावे आणि ही नावे यांची सांगड आधीच घालून ठेवावी. व्याध समजून कोणी वरचा प्रश्वा धरला, तरी यंत्रास संशय येतो. ब्रह्महृदयापासून व्याध 66 अंश दूर आहे, प्रश्वा मात्र 51. तिपाई थोडी कललेली असली तरी दोन ताऱ्यांमधील हा कोन बदलत नाही, आणि संगणक तोच पडताळून पाहतो. ही युक्ती मला या सर्व व्यवस्थेत सर्वांत सुंदर वाटते.

तारा मध्यावर आणताना घाई नको. 1000 मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीस 25 मिलिमीटरची नेत्रिका लावली, तर 40 पट वर्धन होते. 10 मिलिमीटरची लावली, तर 100 पट होते आणि मध्य अधिक नेमका ठरतो. तारा मुद्दाम थोडा धूसर केला म्हणजे त्याची चकती होते, आणि चकतीचा मध्य डोळ्यास सहज कळतो. दातेरी चाकांत नेहमी थोडी मोकळीक असते. म्हणून शेवटची हालचाल दोन्ही ताऱ्यांच्या वेळी त्याच त्या दिशांनी करावी. पुणे जिल्ह्यातील गिरवली येथे आयुकाची दोन मीटर आरशाची दुर्बीण 2006 पासून आहे. तीही दिगंश-उन्नतांशांतच फिरते, आणि आपली दिशा तिलाही ताऱ्यांवरूनच पारखून घ्यावी लागते.

आता परीक्षा. त्याच एप्रिलच्या रात्री पुष्य नक्षत्रातील तारकागुच्छ मागावा. डोळ्यांना तेथे काही दिसत नाही. जुळणी बरोबर असेल तर 40 पट वर्धनाच्या नेत्रिकेत ताऱ्यांचा सडा पडलेला दिसेल. नंतर, आकाशात असल्यास, चंद्र मागावा. तारे बरोबर मिळाले आणि चंद्र तेवढा तीनेक अंश चुकला, तर प्रमाणवेळेचा साडेपाच तासांचा फरक सांगावयाचा राहिला असे समजावे. तेवढ्या वेळात चंद्र ताऱ्यांमधून सुमारे तितकाच सरकतो. आणि अंधारात तिपाईला कोणाचा पाय लागला, तर संकोच न करता पुन्हा पहिल्या ताऱ्यापासून आरंभ करावा.