सफाई कामगाराचे सिंहासन

अमेरिकन कलेच्या एका संग्रहालयाविषयी या पानांवर लिहायचे म्हणजे आधी कारण द्यायला हवे. आपल्या माणसांच्या जाण्या-येण्याच्या ठिकाणांत संग्रहालय कधी नव्हते. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नागसेनवनात शिकलेल्या आम्ही मुलांनी वेरूळ-अजिंठा पाहिले ते सहलीच्या बसमधून, घाईघाईने. कला ही शिकलेल्या, सुखवस्तू माणसांची गोष्ट, आपण तिथे हळू बोलावे, लवकर निघावे, एवढेच मनावर ठसले होते.

पण अमेरिकेतला काळा माणूस आम्हाला परका नव्हता. मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले होते. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रोंच्या साहित्यावर मराठीत लिहिले. १९७२ साली दलित पँथरने आपले नावच तिकडून घेतले. त्यांचे शब्द आम्ही वाचले, त्यांची चित्रे मात्र पाहिली नाहीत. शब्द टपालाने घरी येतो. चित्रापाशी स्वतः चालत जावे लागते. तो योग २०२४ च्या उन्हाळ्यात आला. मुलगी वॉशिंग्टनजवळ राहते, तिच्याकडे मुक्काम होता.

स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियम हे त्या शहराच्या मध्यवस्तीत आहे. नाताळचा दिवस सोडला तर एरवी रोज उघडे, आणि तिकीट नाही. दारात पिशवी तपासतात. नाव विचारत नाहीत, आडनाव तर नाहीच.

हे फुकट कसे चालते, हे समजून घेण्यासारखे आहे. जेम्स स्मिथसन हा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ एका उमरावाचा अनौरस मुलगा होता. बापाच्या किताबावर त्याचा हक्क नव्हता. अमेरिकेत त्याने कधी पाऊल ठेवले नाही. तरी १८२९ साली तो वारला तेव्हा त्याच्या मृत्युपत्रात आपली संपत्ती पुढे त्या देशाला, ज्ञानाची वाढ आणि प्रसार करण्यासाठी, मिळावी अशी तरतूद होती. तिथल्या संसदेने १८४६ साली कायदा करून संस्था स्थापली. आज तिच्या खर्चाचा निम्म्याहून मोठा भाग सरकारी तिजोरीतून येतो. म्हणजे फुकट असे काही नाही. तिकिटाचे पैसे साऱ्या देशाने आधीच भरलेले आहेत. ज्याचा पैसा त्याचा दारावर हातही असतो. २७ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जो आदेश काढला त्यात याच संग्रहालयाच्या ‘द शेप ऑफ पॉवर’ या प्रदर्शनाचे नाव घेऊन ठपका ठेवला होता. प्रदर्शनाचा विषय होता शिल्पकला आणि वंश. उघडे दार कायमचे उघडे असते असे समजू नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

इमारतीचा पूर्वेतिहास आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. पूर्वी इथे पेटंटची कचेरी होती. नवी युक्ती काढणाऱ्याने इथे यावे, शपथ घ्यावी आणि ती आपल्या नावावर करून घ्यावी. १८५० च्या दशकात मिसिसिपीतल्या ऑस्कर स्टुअर्ट नावाच्या मालकाने अर्ज केला: माझ्या नेड या गुलामाने कापसाच्या शेतीसाठी एक अवजार शोधले आहे, त्याचा हक्क मला द्या. १८५८ साली सरकारच्या मुख्य कायदेसल्लागाराने निर्णय दिला. गुलाम नागरिक नाही, म्हणून त्याला शपथ घेता येत नाही. मालकाने शोध लावलेला नाही, म्हणून त्यालाही हक्क नाही. अवजार होते, ते घडवणारा जिवंत होता, पण कायद्याच्या लेखी ते कोणाचेच नव्हते. गावगाड्यात चामडे कमावणाऱ्याचे, दोर वळणाऱ्याचे कसब असेच बिननावाचे राहिले.

त्याच इमारतीत मी जेम्स हॅम्प्टनचे सिंहासन पाहिले.

हॅम्प्टन १९०९ साली दक्षिण कॅरोलिनात जन्मला. महायुद्धात काळ्यांच्या वेगळ्या तुकडीत होता. पुढे वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत रात्रपाळीचा सफाई कामगार झाला. १९५० च्या सुमारास त्याने मोटार ठेवायची एक जागा भाड्याने घेतली. कचेऱ्या झाडून झाल्या की तो तिथे जाई. टाकून दिलेल्या टेबल-खुर्च्या, पुठ्ठे, गेलेले बल्ब, मुरांब्याच्या बरण्या, आणि या सगळ्यावर चढवलेला सोनेरी-चंदेरी वर्ख. चौदा वर्षे हे चालले. १९६४ साली तो कर्करोगाने गेला आणि जागामालकाने दार उघडले, तेव्हा आत सुमारे १८० वस्तूंचा एक दरबार उभा होता: मधोमध सिंहासन, दोन्ही बाजूंना वेद्या, मुकुट, पंखांसारखे फलक, आणि सर्वांत वर ‘भिऊ नका’ अशी अक्षरे.

श्रद्धेचा भाग सोडून देऊ. ख्रिस्त परत येईल, त्याच्यासाठी आसन हवे, अशी त्याची भावना होती. माझे लक्ष वर्खाच्या सुरकुत्यांवर खिळले. प्रत्येक कड हाताने दाबून बसवलेली आहे. ज्या हाताने दिवसाचा कचरा उचलला, त्यानेच त्यातले निवडून हे उभे केले. जिवंतपणी त्याला कोणी कलावंत म्हटले नाही. १९७० साली हे संग्रहालयात आले. शेजारच्या पाटीवर हॅम्प्टनचे नाव ठळक आहे आणि खाली लिहिले आहे की देणगीदार निनावी आहेत.

ही पाटी वाचताना मला अजिंठा आठवला. सोळाव्या लेण्यातल्या शिलालेखात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचे नाव आहे. सव्विसाव्यात भिक्षू बुद्धभद्राचे. दान देणारे दगडात राहिले. मातीच्या गिलाव्यावर ज्यांनी रंग भरला त्यांची नावे कुठेच नाहीत. वॉशिंग्टनच्या पाटीवर बरोबर उलटे घडले आहे.

त्या उन्हाळ्यात विल्यम एच. जॉन्सन याचे ‘फायटर्स फॉर फ्रीडम’ हे प्रदर्शनही होते. हाही दक्षिण कॅरोलिनाचाच, जन्म १९०१. बायको गेली, मन ढासळले, १९४७ नंतरची उरलेली तेवीस वर्षे रुग्णालयात गेली. चित्रे गोदामात पडून होती. ठेवण्याचा खर्च भागेना म्हणून १९५६ साली ती नष्टच व्हायची. हार्मन फाउंडेशनने ती उचलली आणि १९६७ साली हजाराहून अधिक चित्रे या संग्रहालयाला दिली. १९४० च्या दशकात रंगवलेल्या या मालिकेत गुलामांना सोडवणारी हॅरिएट टबमन आहे, कार्व्हर आहेत, गांधी आहेत. बाबासाहेब नाहीत. जॉन्सनला दोष देण्यात अर्थ नाही. हिंदुस्थानची जी बातमी तिकडे जाई तीत आपण नसू. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना आपणहून पत्र लिहिले ते याचसाठी असावे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबियात होते, हार्लेम तिथून हाकेच्या अंतरावर. जॉन्सन त्या शहरात आला तो १९१८ च्या सुमारास. दोन वर्षांनी चुकामूक झाली.

वरच्या मजल्यावर आणखी एक सोय आहे. भिंतींवर न मावलेल्या तीनेक हजार वस्तू तळघरात कुलूपबंद न ठेवता काचेच्या कपाटांत लावल्या आहेत. कोणीही जाऊन पाहावे. वेगळी परवानगी नको, ओळख नको.

आपल्याकडे नागपूरजवळ चिंचोलीला बाबासाहेबांचे टंकलेखन यंत्र, कपडे जपलेले आहेत. ते योग्यच. पण भीमराव कर्डकांसारख्यांनी जे आंबेडकरी जलसे गावोगाव नेले, त्यांतल्या साध्या साथीदारांच्या वह्या, डफ, तुणतुणी कुठे आहेत? घुंगराची काठी कोणाच्या माळ्यावर आहे? काठी मोडून टाकली ती चांगल्यासाठीच, हे मलाही मान्य आहे. तरी एखादी राहायला हवी होती. नातवाला ती दाखवल्याशिवाय आपण काय टाकले ते कसे सांगणार?

हॅम्प्टनची एक वहीही त्यांनी सांभाळली आहे. त्याने स्वतःच रचलेल्या लिपीत ती लिहिली आहे आणि अद्याप ती कोणाला वाचता आलेली नाही. परत आल्यावर मी ओळखीच्या घरांत विचारू लागलो. दोन ठिकाणी जलशाच्या वह्या निघाल्या. एकीला वाळवी लागली आहे. दुसरी शाबूत आहे, निळ्या शाईत, स्वच्छ बाळबोध अक्षरात. घरधनी म्हणतात, रद्दीत द्यायची राहून गेली. येत्या रविवारी ती पाहायला जातो आहे.