लवचीक आदान, नेमकी नोंद

रायपूरलगतच्या उरला औद्योगिक क्षेत्राचे नाव अर्जात कोणी ‘उरला’ लिहितो, कोणी ‘उर्ला’. कोणाकडून नावापुढे एखादी मोकळी जागा राहून जाते. वाचणाऱ्याला तिन्हींचा अर्थ एकच. संगणक मात्र अक्षरचिन्हांचे क्रमांक ताडून पाहतो. त्याच्या लेखी ही तीन भिन्न नावे ठरतात. नवशिक्याची आज्ञावली बहुधा येथेच अडखळते.

यावर तीन टप्प्यांचा उपाय आहे. पहिला टप्पा प्रमाणीकरणाचा. अनावश्यक मोकळ्या जागा काढाव्यात, ‘हो’, ‘होय’ या उत्तरांना एकच संकेत द्यावा, आणि युनिकोडमध्ये देवनागरी व आंतरराष्ट्रीय अंकांचे क्रमांक वेगळे असल्याने ते एका रूपात आणावेत. दुसरा टप्पा पडताळणीचा. ‘३१ फेब्रुवारी’ अशी तारीख आल्यास आज्ञावली बंद पडू नये. चूक सांगून तिने प्रश्न पुन्हा विचारावा.

तिसरा टप्पा जवळच्या नावाचा शोध घेण्याचा. सोव्हिएत गणितज्ञ व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या मापानुसार, एका शब्दाचा दुसरा करण्यास जितकी चिन्हे घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात, तितके त्या दोहोंतील अंतर. ‘उरला’ आणि ‘उर्ला’ यांत केवळ हलन्ताचा फरक, म्हणजे अंतर १. परंतु महाराष्ट्रातील ‘रायगड’ आणि छत्तीसगडमधील ‘रायगढ’ यांतील अंतरही १ च! पहिल्या जोडीत ठिकाण एक आहे, दुसरीत जिल्हे दोन आणि राज्येही दोन. गणित साम्य दाखवते. ओळख पटवत नाही.

हा भेद केवळ तांत्रिक नाही. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेत छत्तीसगड फेब्रुवारी २०२२ मध्ये सामील झाले. स्थलांतरित कामगाराला अन्य राज्यात धान्य मिळणे हे शिधापत्रिका व आधार यांच्या अचूक जोडणीवर अवलंबून असते. आज्ञावली फार काटेकोर असेल, तर एका हलन्तापायी खरा लाभार्थी वगळला जाईल. फार सैल असेल, तर एकाची नोंद दुसऱ्याच्या नावे जाईल.

म्हणून आदान स्वीकारताना उदार आणि नोंद करताना काटेकोर असावे. जवळचे नाव आढळल्यास आज्ञावलीने परस्पर बदल करू नये; ‘आपणांस हेच अभिप्रेत आहे काय?’ असे विचारावे. अंदाज यंत्राने करावा, निर्णय मात्र ज्याचा हक्क आहे त्याच्याकडेच राहावा.