लालेलाल पहिला घास

बाळाला टोमॅटो द्यायचा की नाही, यावर प्रत्येक घरात दोन पार्ट्या असतात. आजी म्हणते आंबट नको, मैत्रीण म्हणते बिनधास्त दे. खरा फंडा आहे तो कसा, केव्हा आणि कशासोबत द्यायचा याचा!

मॅटर्निटी लीव्ह आणि बाळाचा पहिला घास यांचं टायमिंग अगदी फिट्ट जुळलंय. २०१७च्या कायदा दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. त्यातले काही आठवडे अनेकजणी बाळंतपणाआधीच वापरतात. इकडे जागतिक आरोग्य संघटना सांगते, बाळाला सहा महिने पूर्ण झाले की आईचं दूध चालू ठेवून वरचं अन्न सुरू करा. म्हणजे लॅपटॉप पुन्हा उघडायची वेळ आणि बाळाच्या हाती वाटी-चमचा यायची वेळ साधारण एकच!

मामाच्या मांडीवर बसून उष्टावण होतं, चांदीच्या वाटीतल्या खिरीचे फोटो फॅमिली ग्रुपवर झळकतात. खरी परीक्षा सुरू होते सोमवारी. डब्यात काय द्यायचं? आणि तो भरवणार कोण? आजी, पाळणाघरातल्या मावशी, की वर्क फ्रॉम होमवाला बाबा? म्हणूनच टोमॅटोसारख्या रोजच्या वस्तूचे नियमही घरातल्या सगळ्यांना एकसारखे माहीत हवेत.

आधी बाळ रेडी आहे का?

कॅलेंडरवर सहा महिने झाले, एवढ्यावर जाऊ नका. आधार दिल्यावर बाळ नीट बसतंय का, मान सावरतंय का, तुमच्या ताटाकडे टक लावून बघतंय का, चमच्यातलं अन्न जिभेने बाहेर न ढकलता गिळतंय का, हे बघा. उत्तर 'हो' असेल तर सुरुवात करा. मूलं वेळेआधी जन्मलेलं असेल, तर डॉक्टरांशी बोलूनच.

पहिला पदार्थ टोमॅटोच हवा असं काही नाही. भाताची पेज, मुगाचं वरण, नाचणीची लापशी पचनी पडली की टोमॅटोची एण्ट्री होऊ द्या. नवीन पदार्थ एका वेळी एकच. पहिल्या दिवशी एक छोटा चमचा, मग दोन-तीन दिवस तोच पदार्थ. काही झालंच, तर कशामुळे झालं ते लगेच कळतं. आणि नवा पदार्थ शक्यतो सकाळी द्या, झोपायच्या आधी नको.

साइड हीरो, पण जबरदस्त

आता एक सरळ हिशोब. टोमॅटोत जवळजवळ ९५ टक्के पाणी असतं. १०० ग्रॅममधून मिळतात जेमतेम १८ कॅलरी. म्हणजे वाटीभर टोमॅटोचं सूप पाजून 'आज छान जेवलं' म्हणालात, तर बाळाच्या इवल्याशा पोटात नुसतं लाल पाणी गेलं.

मग द्यायचा कशाला? तर लोहासाठी! बाळ जन्माला येतं ते लोहाचा साठा घेऊन. तो साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांमध्ये अॅनिमियाचं प्रमाण देशात ६७.१ टक्के निघालं. महाराष्ट्रात तर ६८.९ टक्के! हा आकडा फक्त गावखेड्यांतला नाही, आपल्या टॉवर्समधली मुलंही त्यात आहेत.

डाळ, नाचणी, पालेभाजी यांतलं लोह शरीराला सहज घेता येत नाही. सोबत 'क' जीवनसत्त्व असेल तर ते जास्त शोषलं जातं आणि ते टोमॅटोत आहे. म्हणजे वरणात घातलेली टोमॅटोची फोड ही नुसती चवीसाठी नसते. त्यावर अर्धा चमचा साजूक तूप घातलंत तर टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीनही शरीराला चांगलं मिळतं. आजीचं तूप इथे जिंकलं! मात्र चहात बुडवलेलं बिस्कीट भरवायची हौस असेल तर ती आवरा. चहा नेमकं उलटं काम करतो, लोह शोषू देत नाही. आणि डॉक्टरांनी आयर्न ड्रॉप्स दिले असतील, तर त्यांची जागा टोमॅटो घेऊ शकत नाही.

साल काढा, गोल मोडा

टोमॅटोत काळजीच्या गोष्टी दोन. साल आणि आकार. साल शिजली तरी विरघळत नाही. ती गुंडाळी होऊन टाळूला किंवा घशाला चिकटते. उपाय सोपा. टोमॅटो वाहत्या पाण्याखाली धुवा, तळाला चाकूने फुलीची चीर द्या, उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवा, मग गार पाण्यात टाका. साल हाताने निघते. देठाकडचा कडक भाग काढून टाका. बिया मऊ असतात, त्यांनी काही अडत नाही. हव्या तर गाळून घ्या. टोमॅटो पूर्ण पिकलेलाच घ्या, कच्चा हिरवा नको. आणि शिजवायला स्टीलचं भांडं. कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात आंबट पदार्थ नकोच.

सुरुवातीचं बेस्ट कॉम्बिनेशन म्हणजे एक मोठा चमचा तांदूळ, तेवढीच मूगडाळ, सोललेल्या टोमॅटोची पाव फोड आणि चिमूटभर हळद. कुकरला मऊ शिजवा, चमच्याने घोटा, वरून तूप. मीठ नाही. सहाव्या-सातव्या महिन्यात अगदी मऊ, पण चमच्यावरून वाहून जाणार नाही इतपत घट्ट. आठव्या महिन्यापासून थोडं भरड ठेवा, मिक्सरला सुट्टी द्या. बाळ चिमटीत वस्तू पकडू लागलं, की सोललेल्या, शिजवलेल्या टोमॅटोचे मऊ बारीक तुकडे ताटलीत ठेवा. हात, गाल, भिंत सगळं लाल होईल. होऊ द्या, शिकण्याची फी आहे ती.

आणि सुपरमार्केटच्या ट्रेमधले ते क्यूट चेरी टोमॅटो? गोल, टणक, गुळगुळीत. लहान मुलाच्या श्वासनलिकेत बूच बसावं, असाच त्यांचा आकार. वर्षाच्या आत ते टाळलेलेच बरे. त्यानंतरही पाच वर्षांपर्यंत उभे चार तुकडे करूनच द्या. द्राक्षांनाही हाच नियम.

लाल ओठ, आंबट शंका

टोमॅटो खाल्ल्यावर तोंडाभोवती लालसर पुरळ आली तर घाबरू नका. बहुतेक वेळा ती आंबट रसाने नाजूक त्वचेला झालेली चुरचुर असते. ओल्या मऊ कपड्याने टिपा, थोड्या वेळात जाते. भरवण्याआधी ओठांभोवती पेट्रोलियम जेलीचा हलका हात फिरवला तरी चालतं. नॅपी रॅश वाढला तर काही दिवस टोमॅटो बंद ठेवा. मात्र अंगभर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, सारख्या उलट्या झाल्या किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर गूगल करत बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा.

'आंबटाने सर्दी होते' हे मात्र आजीला प्रेमाने समजवा. सर्दी व्हायरसने होते, टोमॅटोने नाही.

केचप? नो एण्ट्री!

केचप आणि पाकिटातलं सूप यांत टोमॅटोसोबत मीठ-साखरही भरपूर असते. वर्षाच्या आत बाळाला दोन्हींची गरज नाही. चव गोड करायला मध तर बारा महिने होईपर्यंत अजिबात नको, त्यातून बाळाला बॉट्युलिझमचा धोका असतो.

वीकेण्डला वेळ वाचवायचाय? सोललेला टोमॅटो शिजवून, घोटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. रोज एक क्यूब वरणात टाका आणि नीट उकळी काढा. महिन्याभरात संपवा. बाळाच्या उष्ट्या वाटीतलं उरलेलं मात्र पुन्हा फ्रिजमध्ये ठेवू नका.

घास अडकला तर (वर्षाच्या आतलं बाळ)

• बाळ जोरात खोकतंय, आवाज येतोय, तर खोकू द्या. लक्ष ठेवा. पाठीवर थापट्या नकोत, पाणी पाजू नका.

• आवाज बंद, रडता येत नाही, चेहरा निळसर, तर दुसऱ्या कुणाला तरी लगेच १०८ फिरवायला सांगा. बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली. दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या मागच्या भागाने ५ जोरकस थापा.

• नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध ५ वेळा दाबा. पोट दाबू नका. घास निघेपर्यंत ५-५ चालू ठेवा.

• दिसत नसलेला घास बोट घालून शोधू नका, तो आणखी आत जातो.

• बाळ बेशुद्ध पडलं तर सीपीआर लागतो. तो वाचून येत नाही. रजेवर असतानाच एखाद्या शनिवारी आई, बाबा आणि आजी-आजोबांनी मिळून प्रथमोपचाराचा वर्ग करून टाका.

ऑफिसला निघताना

डब्यासोबत चार ओळींची चिठ्ठी द्या. बसवूनच भरवा, रांगताना किंवा आडवं असताना नाही. टीव्ही-मोबाइल बंद. साल नाही, गोल काही नाही. बाळाने तोंड फिरवलं की जेवण संपलं. पाळणाघरातल्या मावशींना ही चिठ्ठी एकदा समोर बसून वाचून दाखवा, एक प्रत घरच्या फ्रिजवर लावा. मग मीटिंगमध्ये तुमचं लक्ष निम्मं तरी मीटिंगमध्ये राहील!